दुखायलाच हवं होतं

चार चिकटपट्ट्या. सगळ्यात मोठी बोटाच्या पेराएवढी.

एक वाक्य, फार वर्षांपूर्वी फोनवर बोललेलं : “त्यात काय एवढं? पित्ताची पिशवीच तर काढली!”

मुलींच्या शाळेत पोट दुखतं ते बहुतेक गणिताच्या तासाला.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वायू भरला की ते तंबूसारखं उभं राहतं आणि आत काम करायला जागा होते.

“आई गं” म्हणताना लांबवायचं काय, “आ” की “ई”, यावर मायलेकांचं एकमत होत नव्हतं.

मायलेक दवाखान्यातल्या खोलीत होते. माय पलंगावर, लेक दाराशी पहाऱ्यावर. सकाळीच तिचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं होतं, आणि संध्याकाळ झाली तरी पोट दुखत नव्हतं. जरासुद्धा नाही. दुसरं कुणी असतं तर पाय पसरून निवांत झोपलं असतं. धाकटी मात्र (साठी उलटली तरी घरात ती धाकटीच) हवालदिल झाली होती.

कारण लेकाने कळवल्यावरून थोरली भेटायला येणार होती. थोरली बहीण. तिचं हेच ऑपरेशन जुन्या काळी झालं होतं, पोटावर वीतभर चिरा देऊन. धाकटी तेव्हा भेटायला गेलीच नाही, वर फोनवर ते वाक्य ऐकवलं. थोरलीने फोन ठेवला तो ठेवलाच. तेव्हापासून अबोला. आता तेच दुखणं आपल्या वाट्याला आलं म्हटल्यावर धाकटीने ठरवून टाकलं होतं : आपण जीव जाईस्तोवर कण्हायचं, थोरलीने ते डोळ्यांनी पाहायचं, मग म्हणायचं, ‘ताई, चुकले. आता कळलं.’ माफी तयार होती. कळायचंच तेवढं राहिलं होतं.

“बघ ना, थोडं तरी दुखतंय का,” लेक म्हणाला.

“खोकून झालं, शिंकून झालं. काही नाही रे मेलं!”

“मग नुसतं कण्ह. मावशीला काय कळतंय?”

“अरे, जन्म गेला तिचा मुख्याध्यापिका म्हणून. पोटदुखीची सोंगं तिने पाहिलीत तेवढी डॉक्टरांनीही पाहिली नसतील.”

“आली, आली! झोप!”

थोरली आत आली, खुर्ची ओढून बसली आणि भाच्याकडे बघत म्हणाली, “कसं आहे हिचं?”

“आऽऽऽई गं!” उत्तर पलंगावरून आलं.

“कुठे कापलंय, विचार तिला.”

चादर बाजूला झाली. थोरलीने चष्मा चढवला, चारही पट्ट्या न्याहाळल्या. “ऑपरेशन झालंय की डास चावलेत, विचार.”

धाकटीने घाईघाईने डावी कूस गच्च धरली. “इथे! इथे जीव जातोय!”

“पित्ताशय उजवीकडे असतं, सांग तिला.”

धाकटीचा हात हळूहळू पोटावरून सरकत उजवीकडे आला. लेकाने कपाळाला हात लावला.

नेमक्या तेव्हाच भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. “काय काकू, शून्य ते दहा. किती दुखतंय?”

धाकटीने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा थोरलीकडे. “नऊ.”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. “नऊ? शक्यच नाही! भोकं पाडायच्या आधी प्रत्येक जागी, कातडीपासून आतल्या पडद्यापर्यंत बधिरतेचं इंजेक्शन दिलंय. यकृताखाली त्याच औषधाचा फवारा मारलाय. ते उतरायच्या आत गोळ्या सुरू केल्यात. नऊ कुठून येईल?” त्यांनी पोटावर हलकेच बोट टेकवलं. “इथे?”

“आई गं!”

“आणि इथे?”

“आई गं!”

“आता मी हात लावलाच नाही.”

बाईंचा आवाज बदलला. “हात न लावताही एवढं दुखणं बरं लक्षण नाही. आत काही झिरपतंय का बघायला हवं. सर्जनना बोलावते. वेळ आली तर पुन्हा आत घ्यावं लागेल.”

“पुन्हा आत?” धाकटी ताडकन उठून बसली. “नको, नको! शून्य! अगदी शून्य दुखतंय!”

थोरलीने पर्स उचलली. “गणिताच्या तासाची पोटदुखी. चालले मी.”

ती दारापर्यंत पोचली आणि मागून आवाज आला, “आई गं!” या वेळी ना “आ” लांबला होता, ना “ई”. “खांदा! ताई, खांदा गेला!”

“बघा. पोटाचं जमेना, तर आता खांदा.”

“नाही हो, हे मात्र खरं आहे,” डॉक्टरीणबाई चक्क खूश झाल्या. “पोट फुगवायला सोडलेला वायू थोडा मागे राहतो. छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या पडद्याला तो झोंबतो आणि कळ निघते खांद्यात. तिथे माझी सुई पोचत नाही. गोळी आहेच. जरा धरून चालवा त्यांना.”

लेकाने फोन कानाला लावला. तो वाजला नव्हता. “हॅलो, हॅलो” करत तो जिन्याकडे पसार झाला.

डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटकडे गेल्या. उरली थोरली. तिने पर्स खुर्चीवर ठेवली, धाकटीचा दंड धरला आणि दोघी बाहेरच्या लांबलचक बोळातून चालू लागल्या.

“किती?” थोरलीने विचारलं. थेट तिलाच.

“सात.”

“खरं सांग.”

“पाच. पण पोट शून्यच आहे गं. वाटलं होतं, तुझ्याएवढं दुखेल, मग तुझ्यापुढे तोंड उघडता येईल. तेही नशिबात नाही. तुला काय झालं असेल ते मला आता कधी कळायचंच नाही. चुकले मी, ताई.”

दोघी टोकाच्या खिडकीपर्यंत गेल्या, वळल्या. तेवढ्यात धाकटीला ढेकर आला, असा दणदणीत की समोरून ट्रे घेऊन येणारी नर्स भिंतीला चिकटली.

“शोभतं का हे, बारके?”

“बरं वाटलं पण.”

“मग गप चाल. पाठ ताठ. ताठ म्हटलं ना!”

त्याच दिवशी सकाळी धाकटीला ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा थोरली खालच्या मजल्यावर, पाण्याच्या नळाशेजारच्या बाकावर बसलेली होती. ऑपरेशन नीट झाल्याचं शिपायाकडून कळलं, तेव्हा ती कुणालाही न भेटता उठून घरी गेली होती.