पंच्याखाली विकलेलं घर

"दलाल? तो मेला करतो काय, म्हणून त्याला पैसे मोजायचे? घर माझं, दार माझं, आणि बोलायला तोंडही माझंच आहे!" विष्णुपंत झोपाळ्यावरून गरजले. दमयंतीबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. तोंड त्यांचंच होतं, हीच तर बाईंना काळजी होती.

सेहेचाळीस सालचा उन्हाळा होता. भिंगारला छावणीच्या कचेरीत हेडक्लार्की करून पंत नुकतेच निवृत्त झाले होते. मुलगा माधव श्रीरामपुरात मास्तर. त्याची खोली एवढीशी, की पाहुणा आत आला तर यजमानाने बाहेर यावं. भिंगारचं घर विकायचं आणि त्या पैशात श्रीरामपूरला सगळ्यांना पुरेल असं घर बांधायचं, हे घरात ठरलं होतं. बारशाला पाहिलेली नात आठवली की दमयंतीबाईंचे डोळे भरून येत. त्यांची ट्रंक केव्हाच भरून तयार होती. घर विकलं जात नव्हतं, एवढाच खोळंबा.

पंतांनी सुवाच्य अक्षरात पाटी लिहून दारावर टांगली: 'हे घर विकणे आहे. मध्यस्थांनी तसदी घेऊ नये.' दुसऱ्या दिवसापासून माणसांची रीघ लागली, पण त्यात घर घेणारा एकही नव्हता. राहतं घर विकायला काढणारा माणूस एक तर बुडालेला असतो, नाहीतर त्याने कुठेतरी शेण खाल्लेलं असतं. पंतांचं यातलं नेमकं काय झालंय, ते बघायला लोक येत होते. "पंत, धीर सोडू नका हं," असं म्हणून जो तो त्यांचा हात दाबायचा, चहा प्यायचा आणि जायचा. रेशनची साखर संपली आणि दमयंतीबाई गुळाच्या चहावर आल्या. पंतांना मात्र सारखं सारखं हात दाबून घ्यायची सवयच लागली.

मग एकदा खरं गिऱ्हाईक आलं. नगरचा एक कंत्राटदार होता. त्याने सहज विचारलं, "विहिरीला पाणी बारमाही आहे ना?"

"आहे. पण वैशाखात मचूळ लागतं," पंत म्हणाले. "शिवाय पावसाळ्यात माजघर गळतं. आणि या भिंतीत वाळवी आहे. नंतर तुम्ही म्हणायला नको, की सांगितलं नाही."

कंत्राटदार गुळाच्या चहालासुद्धा थांबला नाही.

"अहो, मुलगी दाखवताना कुणी आधी तिची दाढ किडल्याचं सांगतं का?" दमयंतीबाईंनी कपाळाला हात लावला.

"उभ्या जन्मात मी सरकारी कागदावर खोटं अक्षर लिहिलं नाही!"

"तो कागद नव्हता. भिंत होती."

यानंतर आठवडाभर दाराची कडीसुद्धा वाजली नाही. पंतांची भूक गेली आणि दमयंतीबाई नुसत्या ट्रंकेकडे बघत बसू लागल्या. अशा वेळी काष्टीचा गोरक्ष आला. बागायतदार माणूस, पोरांना नगरच्या हायस्कुलात घालायचं म्हणून घर शोधत होता. सोबत मेहुणा कानिफनाथ. गोरक्षचा सारा जन्म बैलबाजारात गेलेला, त्यामुळे त्याने घरही बैलासारखंच पाहिलं. खांबावर थापा मारल्या, उंबरा हाताने चाचपला आणि मागे जाऊन घराचं बूडही पाहून आला. आता बोलायचं नाही, अशी तंबी बाईंनी दिलेली होती, म्हणून पंत ओठ घट्ट मिटून उभे होते. त्यांच्या गप्प राहण्याने गोरक्ष जरा चपापला.

"घर बरं हाय. आना पंत, हात हिकडं," असं म्हणून त्याने खांद्यावरचा पंचा काढला, पंतांचा हात त्याखाली घेतला आणि त्यांची दोन बोटं दाबली.

पंतांचा ऊर भरून आला. एवढ्या लांबून आलेला परका माणूस, पण काय हा कळवळा! त्यांनीही त्याचा अख्खा पंजा प्रेमाने दाबला. गोरक्षचा चेहरा उतरला. जरा वेळाने त्याने तीन बोटं दाबली. पंतांनी पुन्हा पंजा दाबला, आणखी जोरात. गोरक्षला घाम फुटला. त्याने चार बोटं धरली आणि काकुळतीने म्हणाला, "पंत, जरा दया करा की!"

"दया तुमचीच," पंत म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून त्याचा पंजा असा आवळला की सोडीचनात.

"मानलं बाबा तुमाला! दिली जबान." गोरक्षने पंचा झटकला. कानिफनाथने सौदा झालेल्या बैलाच्या पाठीवर टाकतात तसा चिमूटभर गुलाल दारावर उधळला. गोरक्षने पंतांच्या हातावर पानसुपारी आणि विसाराचा रुपया ठेवला.

"हे कशाचं?" पंतांनी विचारलं.

"सौदा झाला न्हवं!"

"झाला? कितीला..."

"शूऽ! सौद्याचा आकडा कुनी उघड्यावर बोलतं व्हय?"

"हो हो, अर्थात!" पंत म्हणाले. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, असं हेडक्लार्क कधी कबूल करत नसतो.

पाहुणे गेले आणि दमयंतीबाईंनी आनंदाने विचारलं, "कितीला गेलं हो?" पंत चपला घालून शेजारच्या आप्पासाहेबांकडे गेले. ज्यातलं कळतं आणि ज्यातलं कळत नाही, त्या सगळ्यांतच आप्पासाहेब सल्ला देत.

"अहो, ती बाजाराची भाषा! एक बोट म्हणजे एक. बैल असेल तर शंभर, घर असेल तर हजार. त्याने किती बोटं धरली?"

पंतांनी आठवून पाहिलं. पहिला तो कळवळा त्यांना स्पष्ट आठवत होता. "दोन."

"मग गेलं तुमचं घर दोन हजारांत."

पंत तिथेच बसले. निदान चार तरी येतील, या हिशेबावर श्रीरामपूरचं सगळं बेतलेलं होतं. दमयंतीबाई घरी ऐकून इतक्या रडल्या की पंतांना जीव नकोसा झाला. "दोन हजारांत तिथे गोठा होईल हो, गोठा! त्यात माझी नात ठेवू का?" घरात चूल पेटेना. दारावरच्या गुलालाकडे पंतांना बघवेना. शब्द फिरवायची लाज वाटत होती, पण बायकोचं रडं त्याहून वाईट. शेवटी पंतांनी विसाराचा रुपया खिशात घातला आणि काष्टीची गाडी धरली.

गोरक्षच्या घरीही सुतक असल्यासारखं होतं. गोरक्ष बाजेवर आडवा पडला होता. त्याची बायको बनुबाई पंतांना बघून म्हणाली, "आले का! न्या आता आमाला बी बांदून." मला लुबाडून वर हा तोरा, या विचाराने पंतांचं डोकं फिरलं.

"गोरक्षराव, हा सौदा मला मंजूर नाही. मी मोडतो. हा घ्या तुमचा रुपया!"

गोरक्ष ताडकन उठून बसला. "तुमी मोडताय? तुमच्या तोंडानं? कानिफनाथ, ये रं हिकडं, साक्षीला! पंत, परत एकडाव म्हना."

"मोडला, मोडला, त्रिवार मोडला!"

गोरक्षने पंतांचे पायच धरले. बनुबाईने मारुतीपुढे नारळ फोडला आणि पुरण शिजत घातलं. पंत चक्रावून पाटावर बसले. दुसरी पोळी पानात पडल्यावर गोरक्षचा गळा मोकळा झाला.

"चार दिस डोळ्याला डोळा न्हाई बघा. पाच हजार आनायचं कुठनं? मी दोनावर आलो, तीनावर आलो, चार बी कबूल केलं. पर तुमचा पंजा काय ढिला हुईना. शब्द दिल्याला, मोडावा कसा? मळा इकायला काढनार हुतो. आन तुमी आपल्या पायानं येऊन सोडून दिलंत. देवमानूस!"

पंतांनी हातातला घास परत पानात ठेवला. पाणी पिऊन त्यांनी कसंबसं तोंड उघडलं, "चार... चार हजारांना जर..."

"त्या घराचं नाव बी नगा काढू आता!" बनुबाईने कानाला हात लावला. "इथून फुडं घराच्या वाटंला जानार न्हाई म्हनून मारुतीला शब्द दिलाय. खावा तुमी, तूप घ्या."

पंत घरी आले तेव्हा दमयंतीबाई दारातच उभ्या होत्या.

"मोडला?"

"मोडला."

बाईंनी देवापुढे साखर ठेवली. ती त्यांनी आप्पासाहेबांच्या बायकोकडून उसनी आणली होती. "बरं झालं बाई! आमच्या ह्यांना फसवणं सोपं नाही," असं त्यांनी भिंतीवरून तिला ऐकवलंही. मग त्या ट्रंक उघडून एकेक लुगडं बाहेर काढू लागल्या. तळाशी नातीसाठी शिवलेली कुंची होती. तिच्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "ही तेवढी पोस्टाने पाठवा. मी जाईपर्यंत डोकं मोठं होईल तिचं."

विष्णुपंतांना हुंदका आवरेना. आपण किती मोठा घात केला, हे त्यांना सांगायचं होतं, पण एक शब्दही फुटत नव्हता. दमयंतीबाईंनी आपल्या पदराने त्यांचे डोळे पुसले आणि मायेने म्हणाल्या, "रडू नका हो असे. पुढचं गिऱ्हाईक आलं ना, की त्याच्यापुढेही असेच खंबीर राहा."