खिळ्यांचे टायर आणि सासऱ्यांची किल्ली

मी आजवर एकही निर्णय घाईत घेतलेला नाही. लग्नाचासुद्धा नाही. हिल्काला मागणी घालायला मला अकरा वर्षं लागली आणि ती तोवर थांबली, यावरूनच माझी पद्धत बरोबर आहे हे कुणालाही पटावं. ती म्हणते, दुसरीकडे जायचाही कंटाळा आला होता. असो.

त्यामुळे यंदा सप्टेंबरात हिल्का जेव्हा म्हणाली, "रायमो, या वेळी हिवाळ्याचे टायर तू नीट बघून घे," तेव्हा आपल्या तोलाचं काम अखेर आपल्याकडे आलं, असं मला वाटलं. मी इकडे उत्तर युरोपात, आमच्या ईसाल्मी गावच्या वाचनालयात सव्वीस वर्षं आहे. गाड्यांची झाडून सगळी मासिकं माझ्या टेबलावरूनच पुढे जातात. माझ्याइतका तयारीचा माणूस गावात दुसरा नव्हता, आणि हे मी हिल्काला तिथल्या तिथे सांगूनही टाकलं.

प्रश्न नुसत्या टायरचा नव्हता. प्रश्न माझ्या सासऱ्यांचा होता. विल्यो आता चौऱ्याऐंशीचे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी जंगलातून लाकडाचे ट्रक चालवले, आणि आता तशाच थाटात आपली जुनी लाल गाडी चालवतात. गेल्या हिवाळ्यात ते दोनदा खड्ड्यात गेले. दोन्ही वेळा शेजाऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढलं, दोन्ही वेळा त्यांनी "हिल्काला सांगू नकोस" म्हणून त्याला बजावलं, आणि दोन्ही वेळा तासाभरात हिल्काला कळलं. तेव्हापासून बर्फ पडू लागला की हिची झोप उडायची. फोन वाजला तर आधी खुर्चीत बसायची, मग उचलायची. मला ते बघवत नसे.

"बाबा, किल्ली आमच्याकडे दे," असं तिने वर्षभर सांगून पाहिलं. शेवटी म्हातारा एक दिवस म्हणाला, "देतो. पण मला ने-आण करणारा माणूस धड हवा. सर्वसंतांच्या दिवशी केर्तूच्या, तुझ्या आईच्या, कबरीवर मेणबत्ती लावायला जायचंय ना? रायमोने न्यावं. बर्फातून. वाटेत माझा पाय एकदा जरी ब्रेक शोधायला गेला, तर किल्ली माझ्याच खिशात राहील."

म्हणजे बघा, चार टायरांवर एका म्हाताऱ्याचा जीव आणि माझ्या बायकोची झोप टांगलेली होती. असलं काम घाईत करायचं नसतं.

आता आमच्याकडे धर्म एकच असला तरी पंथ दोन आहेत: खिळेवाले आणि बिनखिळेवाले. खिळ्यांचा टायर बर्फाला नख लावून धरतो, पण मोकळ्या रस्त्यावर डोकं उठवतो. बिनखिळ्यांचा गपगुमान चालतो, मात्र ओल्या बर्फावर तो काय करील हे त्याचं त्यालाच ठाऊक. यावरून आमच्या गावात सख्ख्या भावांनी बोलणं सोडलंय. आधीही ते फारसं बोलत नव्हते ही गोष्ट वेगळी. सासरे कट्टर खिळेवाले. हिल्का घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा करते; दिवसभर बहिऱ्यांशी ओरडून बोलते, त्यामुळे गाडीत तरी तिला शांतता हवी.

मी चार मासिकांतल्या चाचण्या काढल्या आणि एकतीस टायरांचा तक्ता मांडला. त्याला चौदा रकाने. बर्फावर थांबणं, पाण्यावर थांबणं, वळणं, आवाज, आणि बाकी बरंच. एका मासिकाचा पहिला दुसऱ्यात नववा निघाला, आणि तिसऱ्याने त्याचं नावच घेतलं नव्हतं. मी एका संपादकाला विनयपूर्वक पत्र पाठवलं. त्याचं अजून उत्तर नाही.

"झालं का?" हिल्का रोज जेवताना विचारायची.

"आवाजाला शंभरातले किती गुण ठेवायचे, तेवढंच ठरायचंय."

"दहा ठेव आणि मोकळा हो."

पण दहा ठेवले की बिनखिळ्यांचा पहिला येई, आणि आठ ठेवले की खिळ्यांचा. तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की मी तक्त्याला जे विचारतोय तेच तो मला सांगतोय. मग मी पंधरावा रकाना आखला.

त्याच रात्री बर्फ पडला.

सकाळी अख्खं गाव यार्कोच्या टायरच्या दुकानासमोर उभं होतं. दरवर्षी असंच होतं. ऑक्टोबरभर दुकान ओस असतं, आणि पहिला बर्फ पडला की सगळ्यांना एकदम आपल्याला गाडी आहे हे आठवतं. तीन तासांनी माझा नंबर लागला. मी गल्ल्यावर तक्ता पसरला. यार्को पहाटेपासून उभाच होता. त्याने तक्त्यावरून एकदा नजर फिरवली.

"सुरेख केलंयत," तो म्हणाला. "माप काय तुमचं?"

मी माप सांगितलं.

"त्या मापाचा एकच संच उरलाय. खिळ्यांचा. तुमच्या यादीत कितवा आहे बघा."

मी बघितलं. सतरावा होता.

माझ्या मागे चौदा माणसं उभी होती, आणि त्यांतलं कुणीही काहीही बोलत नव्हतं. ज्यांना आमच्या लोकांची माहिती आहे त्यांना कळेल की याहून मोठा आरडाओरडा आमच्यात होत नाही. मी म्हटलं, "बसवा."

एवढ्यावर भागलं असतं. पण किल्ली परत देताना यार्को म्हणाला, "पहिले पाचशे किलोमीटर जरा सांभाळून. खिळे नीट बसू द्यात. जोरात ब्रेक नको, जोरात वेग नको, जोरात वळणं नकोत." हे तो प्रत्येकालाच सांगतो, आपण 'या पुन्हा' म्हणतो तसं. ते लिहून घेणारा मी पहिलाच असावा.

सर्वसंतांच्या शनिवारला पाच दिवस होते. परीक्षेच्या दिवशी कच्चे खिळे घेऊन जायचं म्हणजे अभ्यास न करता पेपरला बसायचं. मी रोज वाचनालय बंद झालं की गाडी काढायचो आणि ताशी पंचेचाळीसच्या वेगाने गावाभोवती फेऱ्या मारायचो. शुक्रवारी रात्री चारशे दोन किलोमीटर भरले. सासऱ्यांचं घर दहा किलोमीटरवर. तिथून कबरस्तान जवळच्या रस्त्याने पंचवीस, पण तळ्याला वळसा घालून गेलं की बरोबर अठ्ठ्याऐंशी. फाटकाशी पाचशे पुरे होणार होते. हा हिशेब मला इतका आवडला की मी तो हिल्काला दोनदा ऐकवला.

"म्हणजे कबरस्तानात न्यायची परीक्षा कबरस्तानात पोचल्यावर?" तिने विचारलं.

"परतीच्या वाटेवर," मी म्हटलं.

शनिवारी दीड वाजता आम्ही निघालो. सासरे पुढे, माझ्या शेजारी. काळा कोट, काळी हॅट. त्यांच्याकडे चांगला पोशाख तेवढा एकच आहे. हिल्का मागे, मांडीवर कॉफीचा थर्मास. तिच्याही मागे, काचेतून स्वच्छ दिसेल असं, हिरव्या फांद्यांचं मोठं पुष्पचक्र आणि मेणबत्त्या. गाडी आमची लांबोडकी आणि काळी आहे. हे सगळं मी आता सांगतोय म्हणून तुमच्या लक्षात येतंय. त्या वेळी माझं लक्ष किलोमीटरच्या आकड्यावर होतं.

"हळू चाललोय," सासरे दहा मिनिटांनी म्हणाले.

"अजून परीक्षा सुरू झालेली नाही, बाबा. खिळे बसतायत."

"बरं."

तळ्याच्या पहिल्या वळणावर मागे चार गाड्या होत्या. दुसऱ्या वळणावर अकरा. आश्चर्य म्हणजे एकही पुढे जाईना. सगळे सारखं अंतर राखून, दिवे लावून, शिस्तीत येत होते. चांगला चालक रस्त्यावर असला की बाकीचे आपोआप सुधारतात, असं मला वाटलं आणि मी तसं म्हणालोही.

इतक्यात समोरून लाकडाचा ट्रक आला. आम्हाला पाहून तो कडेला थांबला. चालकाने टोपी काढून छातीशी धरली.

"सभ्य माणूस आहे," मी म्हटलं.

"लाकडाचा ट्रक कुणासाठी थांबत नाही," सासरे म्हणाले. "मी चाळीस वर्षांत दोनदा थांबलो. दोन्ही वेळा समोर शवपेटी होती."

हिल्काने मागे वळून पाहिलं. पुष्पचक्र पाहिलं, त्यापलीकडची रांग पाहिली.

"रायमो," ती म्हणाली, "आपल्या गाडीत मयत आहे असं वाटतंय त्यांना."

"याच वेगाने गेलो तर पोचेपर्यंत होईलही," सासरे म्हणाले.

"वेग वाढव रे."

"चारशे एकसष्ट झालेत, हिल्का. आता घाई केली तर सगळं पाण्यात जाईल."

"मग बाजूला तरी घे. जाऊ देत त्यांना."

हे रास्त होतं. पुढच्या बसथांब्यावर मी अगदी अलगद गाडी बाजूला घेतली. मागच्या एकोणीस गाड्याही अलगद बाजूला आल्या. पहिल्या गाडीतून एक बाई उतरल्या, हलक्या पावलांनी सासऱ्यांच्या खिडकीशी आल्या आणि त्यांनी त्यांचा हात हातात घेतला.

"तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," त्या म्हणाल्या.

सासरे जुन्या वळणाचे. सांत्वन करणाऱ्याला उत्तर द्यायचं असतं. "आभारी आहे," ते म्हणाले. "चार वर्षं झाली."

बाईंनी आमच्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चार वर्षं आम्ही रस्त्यावरच आहोत की काय, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. पण आमच्याकडे चौकशा करत नाहीत. त्या मान लववून परत गेल्या.

साडेतीनच्या सुमारास, अंधारून येताना, आम्ही कबरस्तानाशी पोचलो. मागे तेवीस गाड्या होत्या. त्यांतले बरेचसे मेणबत्त्या लावायलाच आले होते म्हणा, पण एक माणूस पंप दुरुस्त करायला निघाला होता, आणि आता रांग सोडणं त्याला बरं दिसेना. कबरस्तानाचा राखणदार धावत आला, त्याने मोठं फाटक उघडलं आणि खिशातून दफनांच्या नोंदींचे कागद काढून धास्तावल्यासारखा चाळू लागला.

मी आकडा पाहिला. चारशे नव्याण्णव आणि दोन दशांश.

रस्त्यात कुठेतरी आठशे मीटर कमी पडले होते. काय करणार? फाटकापुढच्या मैदानाला एक फेरी घातली. तेवीस गाड्यांनी माझ्यामागे फेरी घातली. अजून थोडे राहिले, म्हणून दुसरी घातली. राखणदाराने टोपी काढली. तिसऱ्या फेरीच्या शेवटी आकडा पाचशेवर आला. मी गाडी थांबवली आणि म्हटलं, "झालं. आता बाबा, परीक्षा."

सासरे दार उघडून उतरले.

केर्तूची कबर बर्फाखाली होती. त्यांनी हाताने बर्फ झाडला, मेणबत्ती लावली, आणि आम्ही तिघे उभे राहिलो. सगळीकडे लहान लहान ज्योती पेटल्या होत्या. सासरे कबरीला म्हणाले, "आलो बघ. जरा उशीर झाला. जावई चालवत होता." हिल्काने तोंड दुसरीकडे फिरवलं. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

मग ते माझ्याकडे वळले. "पाय हलला नाही माझा. दोन तासांत एकदाही नाही."

माझी छाती फुगली. परतीची वाट बाकी असताना पास! त्यांनी खिशातून लाल गाडीची किल्ली काढली. मी हात पुढे केला. त्यांनी ती हिल्काच्या तळहातावर ठेवली, आणि आपला हात माझ्यापुढे धरला.

"तुझी."

"माझी कशाला?"

"दे."

मला वाटलं, शेवटचं एकदा मला चालवून दाखवायचं असेल. मी दिली. त्यांनी तीही हिल्काच्या हातात ठेवली आणि तिची मूठ मिटली.

"पोरी, घरी ने आम्हाला," ते म्हणाले. "भूक लागलीय."

पंचवीस किलोमीटर आम्ही बावीस मिनिटांत गेलो. पुढे त्या दोघांच्या गप्पा चालल्या होत्या. मागे माझ्या मांडीवर थर्मास होता. टायर रस्त्याला घट्ट धरून होते, हे मी दोनदा बोलून दाखवलं, पण खिळ्यांच्या आवाजात ते पुढे पोचलं नसावं.

लाल गाडी विकली गेली. हिल्का आता बर्फाच्या रात्रीही गाढ झोपते, आणि त्याचं श्रेय थोडंफार माझं आहे असं मी मानतो. माझी किल्ली मात्र मला अजून परत मिळालेली नाही. मी दोनदा मागितली. "विचार करून सांगते, घाई नको," असं ती म्हणते.

मी हल्ली बसने वाचनालयात जातो. पहिल्याच दिवशी मी चालकाजवळ उभा राहिलो आणि बसला टायर कुठले आहेत, अशी चौकशी केली. त्याने क्षणभर विचार केला.

"काळे," तो म्हणाला.