न बोललेला नवस

प्रभाकरला सोमवारी एक फॉर्म भरून द्यायचा होता आणि तो विचार टाळायला तो गुरुवारी सकाळी पांढुर्ण्याला उतरला.

तो नागपूरच्या सचिवालयात कारकून होता. छप्पन्न सालच्या पहिल्या नोव्हेंबरला राज्यांची नवी वाटणी व्हायची होती आणि कचेरीतल्या प्रत्येकाने 'मध्यप्रदेश' की 'मुंबई राज्य' हे लिहून द्यायचं होतं. मध्यप्रदेश म्हणजे भोपाळ, वरची जागा आणि ओळखीचं कुत्रंही नाही. मुंबई राज्य म्हणजे नागपूर, तीच खुर्ची आणि खिडकीतून दिसणारा तोच पिंपळ. पंधरा दिवस त्याचं काही ठरत नव्हतं. अशात कचेरीतल्या नकाशापुढे उभं असताना त्याच्या ध्यानात आलं की आजवर आपल्या उत्तरेला असलेली पांढुर्णा आणि सौंसर आता भोपाळच्या राज्याचं दक्षिण टोक होणार. जागचं न हलता ज्यांची दिशा बदलली ती गावं एकदा पाहावीत, असं त्याला वाटलं. मिलिटरीच्या लिलावातली खाकी पिशवी त्याने पाठीला बांधली, कोरा फॉर्म तिच्या बाजूच्या खिशात ठेवला आणि रजा टाकून निघाला. पांढुर्ण्याहून सौंसरपर्यंत पायी हिंडायचं आणि तिथून छोट्या रेल्वेने परत यायचं, एवढाच बेत होता.

हा बेत त्याने स्टेशनसमोरच्या बापूजींच्या हॉटेलात बोलून दाखवला आणि तिथेच घोटाळा झाला. भज्यांची गरम प्लेट नुकतीच समोर आली होती.

"सौंसरले पायी?" बापूजी म्हणाले. "मोटर हाये ना भाऊ. आत्ता लागन."

"मोटर नको. चालतच जायचंय."

"कायले?"

"असंच."

बापूजी हॉटेल सांभाळून संत्र्याचा धंदा करत. त्यांनी तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली होती, पण चोवीस मैल 'असंच' चालणारा माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता.

"घरी भांडन झालं काय?"

"नाही."

"नोकरी गेली?"

"नाही हो."

बापूजींनी त्याची वाढलेली दाढी पाहिली, पाठीवरचं ओझं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मवाळ झाला. "समजलो. बोलू नका. नवसाचं बोलत नसते. सौंसरच्या वाटंवरचा जामसावळीचा मारुती ना? शनिवारी बरोब्बर पोचता."

प्रभाकरला भजी थंड होण्याची काळजी होती. त्याने मान हलवून टाकली.

बापूजींनी तत्परतेने प्लेट उचलली. "उपास असन तुमाले. माफ करा, ध्यानात नाही आलं माह्या."

भज्यांच्या जागी दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे आले. त्यामागून कुंकवाची उभी रेघ ओढलेला एक नारळ आला. "एवढा माहा बी न्या. पांढुर्णा मध्यप्रदेशात राहून राहिलं, ते तसंच राहू द्या म्हना. माहा संत्रा दिल्लीकडं जाते."

ज्या मोटरीत प्रभाकर बसला नाही, तिच्यातून ही बातमी त्याच्या पुढे गेली. वाटेवरच्या प्रत्येक गावात कोणी ना कोणी नारळ घेऊन उभं होतं. कोणाचा मुलासाठी, कोणाचा सासूसाठी, एकाचा चोरीला गेलेल्या सायकलसाठी. ज्याने त्याने आपापली खूण कुंकवाने काढली होती. 'नाही' म्हणायला प्रभाकर तोंड उघडायचा, की लोक त्याच्या पाया पडायचे. दिवस कलेपर्यंत पिशवीत सात नारळ झाले आणि टाचेला फोड आला.

तेवढ्यात मागून एक बैलबंडी आली. थोडा कापूस सोडला तर रिकामीच होती. प्रभाकरने हात केला. बंडीवाला कवडू खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला.

"तुमीच ना ते पायी नवसवाले? बंडीत बसले तं नवस मोडन, भाऊ. मी नाही घेत ते पाप."

"मी नाही बसत. पिशवी तरी ठेवू द्या."

"नवसाचं ओझं खाली टेकवाचं नसते."

एवढं बोलून कवडू स्वतःही मान राखायला बंडीत बसला नाही. दोघं बंडीच्या शेजारून चालत राहिले आणि बैल रमतगमत पुढे गेले.

मुक्कामाला कवडूने त्याला आपल्या घरीच नेलं. कवडूची बायको पंचफुला चुलीवर वांगी भाजत होती. भाकरी टम्म फुगत होत्या. त्या वासाने प्रभाकरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पंचफुलाला भक्तीचं वाटलं. तिने दुधाचा गडवा आणि राजगिऱ्याचे लाडू पुढे ठेवले.

"वहिनी, खरं सांगू का," प्रभाकर काकुळतीला येऊन म्हणाला, "माझा नवस..."

"नोका सांगू. सांगतला का फळत नाही."

सकाळी कवडूनेही एक नारळ दिला. त्याचा उजवा बैल भर रस्त्यात बसत असे. तो उठत जावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

शुक्रवारी मोहगावात मोरेश्वर मास्तर भेटले. त्यांच्या नारळावर आडव्या दोन रेघा होत्या. "आमचं सौंसर मराठी राज्यात जावं," ते हळू आवाजात म्हणाले. "दिल्लीनं निकाल देऊन टाकला, ठाऊक आहे मले. हे त्याच्या वरचं अपील समजा. मी मराठीचा मास्तर. उद्या या शाळेत माझं काय काम?"

प्रभाकरला पहिल्यांदाच आपल्या खोटेपणाची मनापासून लाज वाटली. बापूजींचं राज्य आणि मास्तरांचं राज्य एकाच पिशवीत एकमेकांना घासत होतं आणि बाजूच्या खिशात त्याचा स्वतःचा कोरा फॉर्म होता. मोहगाव सोडताना आणखी दोघांनी नारळ दिले. एकूण अकरा झाले.

शनिवारी सकाळी जाम नदी ओलांडताना शेवाळावरून त्याचा पाय घसरला. तो पाण्यात बसला, पिशवीचं तोंड उघडलं आणि नारळ ओळीने सौंसरच्या दिशेने वाहू लागले. प्रभाकर धोतर सावरत, लंगडत त्यांच्यामागे धावला. प्रत्येक नारळ कोणाचं तरी गाऱ्हाणं होतं आणि एकही सोडण्याची त्याला हिंमत नव्हती. सगळे हाती लागले, पण कुंकू पार धुऊन गेलं होतं. मास्तरांचा कोणता आणि सायकलवाल्याचा कोणता, काही कळेना. त्याने दोनदा मोजले. दोन्ही वेळा बारा भरले.

मारुतीपाशी पोचला तर पारावर बापूजी, कवडू, पंचफुला आणि मास्तर त्याची वाट पाहत बसले होते. पहिल्या मोटरीने आले होते. प्रभाकरने पिशवी उतरवली आणि मन घट्ट केलं.

"खुणा पुसल्या," तो म्हणाला. "आणि आणखी एक. मी नवस बोललोच नव्हतो. असाच चाललो होतो."

बापूजींनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी पुजाऱ्याकडे.

"असंच कोनी चालते काय?" शेवटी पंचफुला म्हणाली. "असन काही मनात. तुमालेच समजलं नसन."

प्रभाकरने ओलाचिंब फॉर्म बाहेर काढला आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आणि नारळ अकरा दिले होते, झाले बारा. एक कोणाचा आहे तेही ठाऊक नाही."

"तो मी टाकला, तुमच्या नावाचा," पंचफुला म्हणाली. "साऱ्याईचे घेऊन जाऊन राहिले, आन् तुमचा एक बी दिसला नाही."

पुजारी कंटाळला होता. "मारुतीले खुना लागत नाही. आना इकडं." त्याने बाराही नारळ एकाच दगडावर फोडले आणि खोबरं एका परातीत मिसळलं. "आता दरसाल यावं लागन. पायीच."

कोणाच्या वाट्याला कोणाचं खोबरं आलं ते मारुतीलाच ठाऊक. मास्तर बराच वेळ चघळत होते.

"तुम्ही भोपाळले जा," ते अखेर म्हणाले. "अपील लागेल तेव्हा लागेल. तोवर आम्ही इथून मराठीत अर्ज धाडू, ते तिथं वाचनारं कोनी तं पाह्यजे."

"बरोबर हाये," बापूजी म्हणाले. उलट्या मागण्यांच्या त्या दोघांचं इथे तरी एकमत झालं. मग बापूजींनी कागदाचं मोठं पुडकं सोडलं. त्यात भजी होती. "ही तुमची गुरुवारची प्लेट. उपास सुटला."

प्रभाकरने पंचफुलाने बांधून आणलेल्या भाकरीसकट सगळं फस्त केलं.

सोमवारी त्याने सुरकुतलेल्या फॉर्मवर 'मध्यप्रदेश' लिहिलं. 'कारण' या रकान्यापाशी जरा थांबला आणि खरं तेच लिहिलं: 'जामसावळीच्या मारुतीला दरसाल पायी जाणे आहे.'

कडक शिस्तीचे म्हणून अख्खी कचेरी ज्यांना वचकून असायची, त्या बडेबाबूंनी ते वाचलं. त्यांनी चष्मा काढला, प्रभाकरकडे पाहिलं आणि मग त्याच्यासमोरची चिवड्याची बशी हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"समजलो," ते म्हणाले. "बोलू नका."

दुसऱ्या दिवशी प्रभाकर कचेरीत आला तेव्हा त्याच्या टेबलावर फायलींच्या शेजारी तीन नारळ ठेवलेले होते.