मास्तरची तारीख

शांतवनमामांना तुम्ही आपली जन्मतारीख सांगितलीत, तर ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "ही झाली कागदावरची. आता खरी सांगा."

मामा आमच्या फुटबॉल अकादमीचे वॉर्डन. केडगावच्या पुढे एका व्यावसायिक क्लबनं ही अकादमी काढली आहे. पोरं लहानपणीच हेरायची, इथे ठेवून घडवायची आणि पुढे क्लबच्या मोठ्या संघात घ्यायची. चाळीस मुलं, दोन मैदानं आणि एक मेस. मी संध्याकाळी मुलांना मराठी आणि इतिहास शिकवतो. मामा जन्मभर मिशनच्या बोर्डिंगात कारकून होते, निवृत्त झाल्यावर इकडे आले. फुटबॉल त्यांना अजून कळत नाही. सामना चालू असताना ते कुणाचे मोजे घसरलेत तेवढं बघतात. चेंडू कुठे आहे याच्याशी त्यांचं देणंघेणं नसतं.

वय हा मात्र त्यांचा विषय. अकादमीत सगळं वयावर चालतं. तेरा वर्षांखालचा संघ वेगळा, पंधरा वर्षांखालचा वेगळा. आणि जामखेड-पाथर्डीकडून आलेल्या आमच्या अकरा पोरांची जन्मतारीख एकच होती, १ जून. आईबाप ऊसतोडीला जाणारे. पोराला शाळेत आणून सोडलं की मास्तर त्याच्या तोंडाकडे बघून वर्ष ठरवायचा, त्याला १ जून जोडायचा आणि मोकळा व्हायचा. मेसच्या भिंतीवर वाढदिवसांचा फळा आहे. त्यात जूनच्या रकान्यात ही एवढी गर्दी, आणि १ जूनला अकादमीला सुट्टी. म्हणजे अकरा पोरांत मिळून एक केक नाही.

माझे वडील जन्मभर पत्रकं वाटत आले. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जातो. 'खरी जन्मतारीख हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे' असं पत्रक मी रात्रीत लिहून काढलं आणि मेसच्या दारावर डकवलं. मामांनी ते उभ्यानं पूर्ण वाचलं.

"लई चांगलं लिहिलंय, सर. पण दाखला पत्रकानं मिळत नसतो. एसटीनं मिळतो."

मामांची पद्धत अशी. पोराच्या आईला फोन लावायचा आणि तारीख सोडून बाकी सगळं विचारायचं. रानात पीक काय होतं, घरात आजारी कोण होतं, भांडण कुणाशी चाललं होतं. त्यावरून महिना काढायचा, मग एसटीनं त्या गावची ग्रामपंचायत नाहीतर दवाखाना गाठायचा आणि जुनी रजिस्टरं उघडायला लावायची.

या चौकशीतून मोठी माणसंही सुटली नाहीत. आमचे कोच केरळचे. त्यांना मामांनी विचारलं, "तुमच्या आईनं सांगितलेली तारीख का शाळेनं?" कोच हसले आणि त्यांनी मामांसमोरच आईला फोन लावला. फोनवर बराच वेळ मल्याळममध्ये बोलणं झालं. शेवटी कोच पडल्या चेहऱ्यानं म्हणाले, "दोन दिवस आधीची आहे." तेव्हापासून ते मामांच्या वाटेला जात नाहीत.

मग माझी पाळी आली. मी अभिमानानं सांगितलं, "एक मे."

"नेमकं कामगार दिनालाच?" मामा म्हणाले. "आईचा नंबर द्या."

आईनं पहिल्याच प्रश्नाला कबुली दिली. माझा जन्म एकोणतीस एप्रिलचा. वडिलांनी तत्त्वासाठी मला दोन दिवस थांबवून धरलं होतं. मी आठवडाभर एकही पत्रक लिहिलं नाही.

मामांनी एकेक करून दहा पोरांच्या तारखा शोधल्या. आकाशची तेवढी राहिली. आकाश जामखेडचा, आमचा गोलकीपर. तेवढ्यात क्लबच्या ऑफिसातून साहेब आले आणि त्यांनी सांगितलं, स्पर्धेसाठी जन्मनोंदीचा दाखला लागेल, शाळेचा चालणार नाही. महिनाअखेर आला नाही तर या मुलाला घरी पाठवा. घरी म्हणजे कुठे, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. आकाशचं घर तेव्हा उसाच्या फडात होतं.

मामांनी त्याच्या आईला फोन लावला. स्पीकर चालू, आकाश शेजारी.

"पीक काय होतं, ताई?"

"आवं मामा, ऊसच की. दुसरं काय आसनार?"

"ऊसतोड सहा महिने चालते. भांडण कुणाचं चाललं होतं?"

"भांडान व्हय? मुकादमाचं आन ह्येंचं. पट्टा पडायला दोन दिस ऱ्हायलेले, आमी बोचकी बांधल्याली. आन त्यो म्हनला, अजून येक फड तोडायचा हाय. त्याच दिशी माज्या पोटात कळा आल्या. ट्रॅक्टरमधी घालून न्येलं दवाखान्यात."

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. त्याची तारीख कारखान्यात लिहिलेली असते. मामांनी फोन ठेवला आणि पिशवी उचलली.

ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. कारखान्याच्या पलीकडच्या गावात नोंद सापडली होती. दवाखान्यानं ती केली होती, पण आईबाप तिसऱ्या दिवशी गावाकडे गेले आणि दाखला न्यायचा राहिला. नाव घातलेलं नव्हतं, नुसतं 'मुलगा'. तारीख सव्वीस मार्च, वर्ष तेच.

"दोन महिन्यांनी म्हातारा झालास," मामा आकाशला म्हणाले. "पण संघात राहिलास."

आकाशनं फळ्यावरचं आपलं नाव बाहीनं पुसलं आणि मार्चमध्ये लिहिलं. बाकीची दहा नावं आधीच हलली होती. आता १ जूनपुढे अगदी खाली एकच नाव उरलं. अक्षर बारीक, आधीच्या गर्दीत ते कुणाला दिसलंच नव्हतं. शांतवन.

"मामा, तुमची पन मास्तरचीच?"

"आमच्या बोर्डिंगच्या बाईंची. मला कुणीतरी फाटकात ठेवून गेलं हुतं."

आकाश मामांच्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं लगेच विचारलं, "मंग पीक कंचं हुतं?"

मामांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "ते विचारायला माणूस लागतं, लेकरा. जा, मोजे वाळत घाल."

यंदा १ जूनला अकादमी रिकामी होती. मी सकाळपासून मामांना फोन लावत होतो, तो सारखा बिझी. दुपारी लागला तेव्हा मामा वैतागलेले होते.

"सकाळपासून पोरांचे फोन, सर. एकेकाला सांगतोय, ही कागदावरची तारीख हाय, खरी न्हाई. ऐकतच न्हाईत."

"मग बंद करून ठेवा फोन."

"कसा ठेवू? तिघांचा अजून यायचाय."