दत्तारामांच्या भिंतीवरचा वाघ

ब्याण्णव साली गिरगाव सोडून दत्ताराम पाटणकरांनी भाईंदरला तळमजल्यावर ब्लॉक घेतला आणि तेव्हापासून त्यांच्या हॉलची खिडकी बंद होती. बाहेरच्या कंपाउंडच्या भिंतीची येणाऱ्याजाणाऱ्यांनी मुतारी करून टाकली होती. त्यांच्या मुलीला, स्वप्नालीला बघायला आलेलं एक स्थळ नाकाला रुमाल लावून गेलं, ते परत फिरकलं नाही. येत्या रविवारी दुसरं यायचं होतं.

"एकदा तरी वाघासारखे ओरडा त्या मुतणाऱ्यांवर," त्यांच्या पत्नी मनोरमाबाई म्हणाल्या.

दत्तारामांनी उभ्या आयुष्यात आवाज चढवला नव्हता. ओरडणं जमणार नाही, पण वाघ आणता येईल, असं त्यांच्या मनात आलं. भिंतीवर देवाच्या टाइल्स लावायचं आधी ठरलं होतं, पण कुणाचा देव लावायचा यावरून सोसायटीची मीटिंग तीनदा मोडली. वाघाला कुणाचीच हरकत नव्हती.

रिक्षांच्या पाठी रंगवणारा हरिश्चंद्र पेंटर डबे घेऊन आला. "काका, वाघ कधी काढला नाय. तुम्ही जरा समोर बसा, तोंडाचा अंदाज येईल."

दत्ताराम बसले. संध्याकाळपर्यंत पट्टे, नखं, शेपूट सगळं वाघाचं उतरलं. मिशा आणि गरीब डोळे मात्र दत्तारामांचे. त्याला कोण भिणार? पहिल्याच दिवशी एक जण त्याच्याकडे बघत बघत मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी काशीगावाहून भाजी घेऊन येणारी शेवंती भिंतीपाशी थबकली. पाटी उतरवून तिनं चपला काढल्या. "ह्यो तं आमच्या डोंगराचा वाघोबा हाय."

"अगं, तो पेंटरनं काढलाय," दत्ताराम म्हणाले.

"मंग? तुमचा गणपती काय कोणी घडवत न्हाय?"

शेवंती शेंदूर आणि नारळ घेऊन आली. तिच्या मागून बाकीचे आले. शनिवारपर्यंत भिंतीला हार होते, घंटा होती, उदबत्त्यांचा घमघमाट होता. वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो, असं म्हणतात. पण वाघाला न जुमानणारे वाघोबाला हात जोडून पुढच्या गल्लीत जाऊ लागले. खिडकी उघडली.

रविवारी मुलाची आई मृणालिनीबाई रिक्षातून उतरल्या आणि आधी भिंतीला नमस्कार करूनच दाराशी आल्या. दारात दत्ताराम मुलीच्या बापाला शोभेल असे वाकून उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. मागण्यांची यादी पर्समधून बाहेर आलीच नाही.

"तुम्ही म्हणाल तसं," त्या जपून म्हणाल्या. लग्न ठरलं.

तेव्हापासून मनोरमाबाई रोज सकाळी जास्वंदीचं फूल घेऊन भिंतीपाशी जाऊ लागल्या. वाघोबासमोर डोळे मिटून, हात जोडून पाच मिनिटं उभ्या राहायच्या. मग घरात येऊन दत्तारामांना म्हणायच्या, "नुसते बघत काय बसलात? दूध उतू जातंय."