सिगारचा जाणकार

सिगार विकणाऱ्या पेढीत सहा वर्षं माहितीपत्रकं लिहिणाऱ्या कारकुनाने आयुष्यात साधी सिगारेटही ओढली नव्हती. हे गुपित फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं. ‘जुन्या चामड्याचा दरवळ’ हे शब्द त्याला तिची पर्स हुंगताना सुचले होते.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा आत सिगारचे एक वयस्कर कारखानदार बसले होते. टेबलावर एकच जाडजूड सिगार होती.

“यांची सगळ्यात भारी सिगार,” मालक म्हणाले. “तुमची पत्रकं वाचून खूश झालेत. म्हणाले, ओढायची तर याच माणसाने.”

मालक कारकुनाच्या कानाशी लागले, “दोन जाणकारांनी वाहवा केलीये. तुम्ही फक्त मान डोलवा. हा सौदा फिसकटला तर उद्यापासून येऊ नका.”

टोक कापायचं हे त्यानेच लिहिलं होतं. कोणतं, ते मात्र लिहिलं नव्हतं. त्याने देवाचं नाव घेऊन एक कापलं. कारखानदार काही बोलले नाहीत. त्याने दुसरं पेटवलं. तरीही काही बोलले नाहीत. हायसं वाटून त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि धूरही सोबत आत गेला.

सिगारचा धूर तोंडातच घोळवायचा असतो, गिळायचा नसतो. हेही त्यानेच लिहिलं होतं.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. खोली गरकन फिरली. खुर्चीचा हात घट्ट धरून त्याने खोकला दाबला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

“डोळे भरून आले बघा,” मालक घाईघाईने म्हणाले. “सांगा ना, कशी आहे?”

मधाचा स्पर्श, कॉफीची आठवण, सगळे पाठ केलेले शब्द कुठल्या कुठे पळाले. नोकरी तर गेलीच होती. आता फक्त उलटी आवरायची होती.

“जळक्या रबराची चव आहे,” तो कसाबसा म्हणाला.

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. कारखानदारांनी सिगार हातात घेतली आणि डोळे मिटून एक झुरका मारला.

“येताना हा माल टायरांच्या शेजारी ठेवला होता,” ते हळूच म्हणाले. “मला तेव्हापासूनच शंका होती. पण ते दोघे जाणकार आपले मधच मध सांगत राहिले. खरं बोलणारा आज भेटला.”

“साहेब, मला खरं तर यातलं काहीच…”

“आणि वर हा विनय,” कारखानदार मालकांकडे वळले. “सौदा पक्का. अट एकच. यापुढे माझी प्रत्येक सिगार आधी हे ओढतील.”

“ओढतील की. त्यांचा जीवच आहे तो,” मालक म्हणाले.

कारकुनाने दाराकडे पाहिलं. दारात मालक जाऊन उभे राहिले होते. कारखानदारांनी बॅगेतून लाकडी पेटी काढली, झाकण उघडलं आणि पहिली सिगार स्वतःच्या हाताने कापून त्याच्यापुढे धरली.

“सावकाश होऊ द्या,” ते मायेने म्हणाले. “अजून अकरा आहेत.”