रजईची गिरकी

सासूबाई आज संध्याकाळच्या गाडीनं एकदाच्या निघणार, म्हणून भौतिकशास्त्राचे सर पायाला भिंगरी लावल्यासारखे घरभर फिरत होते. दोन-चार दिवसांसाठी आलेल्या सासूबाईंचा मुक्काम काही केल्या आटोपतच नव्हता. आणि आता ऐन वेळी त्यांनी खुसपट काढलं होतं: मळकी रजई घेऊन त्या गाडीत बसणार नव्हत्या. ओली चालेल, पण धुतलेली हवी.

सरांनी लगबगीनं रजई वॉशिंग मशीनमध्ये कोंबली. बायको म्हणाली, एकटी रजई टाकू नका, ती एका बाजूला गोळा होते आणि मशीन चालायला लागतं. मशीनला पाय नसतात, असं सरांनी तिला सांगितलं. रजई लवकर पिळून निघावी म्हणून वेगही सगळ्यात वरचा लावला. टॅक्सी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा सासूबाई मशीनसमोरच्या बाथरूममध्ये तोंड धुवायला गेल्या होत्या.

मशीन आधी थरथरलं, मग धडधडलं आणि चक्क निघालं. सर त्याला मिठी मारून अडवायला गेले, तर ते सरांसकट पुढे सरकलं. वायर ताणून प्लग निघाला, पण तोवर ते बाथरूमच्या दाराला जाऊन भिडलं होतं आणि त्याचा एक पाय फुटक्या फरशीच्या खाचेत रुतला होता. दार बाहेर उघडणारं. आत सासूबाई.

"जावईबापू, मला कोंडलंत का?"

"नाही हो आई. रजईनं मशीन ओढत आणलंय."

"रजईनं?"

टॅक्सीवाला वर आला. तो आणि बायको मशीनशी झटू लागले. सरांनीही खांदा लावला होता, पण प्रश्न विचारला गेला की उत्तर दिल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"आई, फिरणारी वस्तू सरळच जायला बघते. तिला गोल फिरवायचं तर सतत आत ओढावं लागतं. ड्रम रजईला आत ओढतो, रजई ड्रमला उलटं ओढते. म्हणून मशीन हललं."

"आणि पाणी? ते तर बाहेर ढकललं जातं ना?"

"ढकलत कोणीच नाही. ड्रमच्या भोकापाशी त्याला आत धरून ठेवणारं काही नसतं, म्हणून ते आपलं सरळ निघून जातं."

शेवटी पाय खाचेतून सुटला, मशीन बाजूला झालं, दार उघडलं. टॅक्सीवाल्यानं घाम पुसत सांगितलं, लगेच निघालात तर गाडी मिळेल अजून. सरांनी बॅग उचललीसुद्धा.

सासूबाई डोळ्यांना पदर लावत बाहेर आल्या.

"बाहेर ढकलणारं कोणी नसतंच म्हणा की. आणि मी मेली इतके दिवस तुमच्यावर संशय घेत होते."

सर ओशाळले. बायको त्यांच्याकडे टक लावून बघत होती, कारण तोच संशय तिलाही होता.

"नाही हो आई," सर म्हणाले, "मी कशाला ढकलेन?"

"तेच तर. मग उगाच कशाला जाऊ मी?" सासूबाईंनी टॅक्सीवाल्याला पाणी दिलं आणि त्याला वाटेला लावलं.

सरांनी बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली.